चालत्या कामास निरोप

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९८३ सालीं सुरू झाला. जुने दोन संच निकालांत निघाल्यावर तेथें २१० मेगावॅटचे दोन व ५०० मेगावॅटचे पांच, मिळून २९२० मेगावॅटचे संच राहिले. असा संच एकदां तापून फिरूं लागला म्हणजे तो थांबवून पुन्हां चालू करणें मोठें जिकिरीचें. पुरता थंडावलेला संच भार घेण्याजोगा व्हावयास कित्येक तास लागतात. पण राज्याची विजेची गरज तर घटकेघटकेला बदलते. यासाठीं दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असून कोणत्या भागांत कोणीं किती वीज द्यावी हें ऐरोलीचें राज्य भार प्रेषण केंद्र कळवितें. निरोप पोंचला म्हणजे संच बंद पडत नाहीं. फिरतां फिरतांच तो आपला भार बेतानें उतरवितो वा चढवितो.

संगणकावर चाललेल्या कामाला असाच निरोप कसा द्यावयाचा, हा प्रश्न आमच्या घरीं अलीकडे निघाला. माझा एक पुतण्या गडचिरोलीस असतो. जंगलांत झाडांना बांधलेले कॅमेरे समोरून कांहींहि हाललें कीं चित्र टिपतात. तीं चित्रें निवडण्याचें काम त्यानें पत्करलें आहे. या कामाचा पसारा केवढा असतो, याची कल्पना वाचकांस एका आंकड्यावरून येईल. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेंत २६,८३८ ठिकाणीं कॅमेरे लावले होते आणि चित्रें निघालीं ३ कोटी ४८ लाखांवर. त्यांत वाघाचीं ७६,६५१! बाकीच्यांत इतर श्वापदें, गांवचीं गुरें, आणि वाऱ्यानें डोललेलें गवतसुद्धां. पुतण्याचा व्याप त्या मानानें किरकोळ. तरी त्यानें लिहिलेली आज्ञावली चार-चार दिवस अहोरात्र चालते. पावसाळ्यांत वीज गेली कीं घरची बॅटरीची पेटी कशीबशी दहा मिनिटें तग धरते. तेवढ्यांत त्या आज्ञावलीला सांगितलें पाहिजे कीं, ‘बाबा, हातांतलें चित्र पुरें कर, कोठवर आलास तें टिपून ठेव आणि थांब.’ न सांगितलें तर तीन रात्रींची मेहनत पाण्यांत.

नवशिक्याला वाटतें कीं, तीच आज्ञावली ‘जतन कर’ असा शब्द पुढें जोडून पुन्हां चालविली म्हणजे झालें. पण यंत्राचा न्याय निराळा आहे. एक आचारी चुलीपाशीं बसला असतां त्याला मीठ कमी घाल म्हणून सांगावयाचें सोडून दुसराच आचारी बोलवावा, तसें हें होतें. दुसऱ्याला पहिल्याची वार्ता नसते. तो आपली वेगळी चूल मांडतो, आणि दोघे एकाच वहींत लिहूं लागले कीं वहीचा विचका होतो.

खरा मार्ग असा. युनिक्सच्या कुळांतील यंत्रांवर प्रत्येक चालत्या कामाला एक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाला उद्देशून खूण धाडतां येते. खूण धाडणाऱ्या आज्ञेचें नांव मात्र ‘किल’ म्हणजे ‘ठार कर’! पोस्टमनला खाटीक म्हणावें तसें हें नांव आहे. पण तें रूढ झालें, त्याला इलाज नाहीं. ही खूण शब्द नेत नाहीं, केवळ एक अंक नेते. संध्येला मौन धरून बसलेल्या वडील माणसाला आपण हातानेंच खुणावतों आणि खुणेचा अर्थ घरांत आधींच ठरलेला असतो, तशांतला हा प्रकार. पहिली खूण मूळची ‘तार तुटली’ अशी. दूरध्वनीच्या तारेवरून संगणक वापरीत त्या काळची. पुढें कायम चालणाऱ्या कामांनीं तिचा अर्थ ‘आपली नियमावली पुन्हां वाच’ असा करून घेतला. पंधरावी म्हणजे ‘आवरतें घ्या’. नववी मात्र कोणालाच अडवितां येत नाहीं. ती आली कीं काम जागच्या जागीं संपतें. संगणक रीतसर बंद होतांना सर्वांना आधीं पंधरावी देतो, थोडा वेळ थांबतो, आणि उरल्यासुरल्यांना नववी.

यांत एक मोठी मेख आहे. ‘यूएसआर’ नांवाच्या दोन खुणा खासगी संकेतांसाठीं मोकळ्या ठेविल्या आहेत. परंतु ज्या आज्ञावलीला त्यांचा अर्थ शिकविलेला नाहीं, तिला त्या दिल्यास ती निमूटपणें मरते! म्हणून ‘ट्रॅप’ या शब्दानें ‘ही खूण आली तर हें कर’ असें आधींच लिहून ठेवावें लागतें. तें लिहिल्यावरहि उत्तर तत्काळ मिळेल असें नाहीं. शेलमधील आज्ञावली हातची आज्ञा पुरी झाल्यावरच खुणेकडे वळते. आचमन अर्धें टाकून कोणी मान वर करीत नाहीं. शिवाय ती गुंतलेली असतां एकच खूण चारदां दिली, तरी ती एकच गणली जाईल. आणि खुणावण्याचा अधिकार ज्याचें काम त्याला, नाहीं तर यंत्राच्या मुख्य कारभाऱ्याला. हें मला पसंत आहे.

शब्दच पाठवावयाचे असतील तर नांव दिलेली नळी करतात. एका तोंडानें आपण ‘पुढचा गट्ठा घे’ असें लिहावें, दुसऱ्या तोंडाशीं आज्ञावलीनें वाचावें. ऐकणारें कोणी नसलें तर लिहिणारा दाराशीं तिष्ठत राहतो, एवढें ध्यानांत असावें. यापुढची पायरी फायरफॉक्सनें गांठली आहे. तो चालू असतां एखादा दुवा उघडण्यासाठीं त्याला पुन्हां हांक मारली, तर नवा आलेला आधीं घरांत कोणी आहे काय तें पाहतो, दुवा जुन्याच्या हवालीं करतो आणि आल्या पावलीं परततो. म्हणजे नवशिक्याची मूळ कल्पना अगदींच टाकाऊ नव्हती. दुसऱ्या आचाऱ्याला चूल न मांडतां निरोप देऊन परत फिरण्याची शिस्त लावावयाची, इतकेंच.

पुतण्यानें खुणेचाच मार्ग धरला. बॅटरीच्या पेटीपासून एक तार संगणकांत गेली आहे. वीज गेल्याचें तिच्यावाटे कळतें आणि आज्ञावलीला पंधरावी खूण मिळते. ती हातांतलें चित्र पुरें करून त्याचा क्रमांक लिहिते, व पुढच्या वेळीं तेथूनच आरंभ करते. पण लिहितां लिहितांच बॅटरी संपली तर? यासाठीं तो क्रमांक प्रथम वेगळ्या नांवाच्या फाइलींत लिहून, ती पुरी झाल्यावर तिला जुन्या फाइलीचें नांव द्यावयाचें. नांवाची ही अदलाबदल एका झटक्यांत होते, त्यामुळें चालत्या आज्ञावलीला जुना क्रमांक मिळेल किंवा नवा मिळेल, अर्धवट लिहिलेला मिळत नाहीं.