बॉइन नदीकाठच्या दोन आठवणी

ऑलिव्हर क्रॉमवेल मला प्रथम भेटला तो इंग्लंडच्या इतिहासात. जुलमी राजाचा शिरच्छेद करणारा, पार्लमेंटची सत्ता प्रस्थापित करणारा करारी पुरुष अशी त्याची प्रतिमा मनावर ठसली होती. पुढे आयर्लंडचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा हाच माणूस मारेकरी म्हणून समोर आला. लंडनमध्ये पार्लमेंटच्या आवारात १८९९पासून त्याचा पुतळा उभा आहे. त्यासाठी सरकारी पैसा देण्याचा प्रस्ताव १८९५ मध्ये आयरिश सभासदांच्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला आणि अखेर लॉर्ड रोझबेरी यांनी पदरमोड केली. मृत्यूनंतर जवळजवळ अडीचशे वर्षे लोटली, तरी क्रॉमवेलचा हिशेब मिटलेला नव्हता. तो आजही मिटलेला नाही.

डब्लिनच्या उत्तरेला, बॉइन नदी समुद्राला मिळते तेथे ड्रोहेडा हे गाव आहे. ऑगस्ट १६४९ मध्ये क्रॉमवेल फौज घेऊन आयर्लंडला उतरला आणि ११ सप्टेंबरला त्याने या गावाची तटबंदी फोडली. शस्त्रे खाली ठेवलेल्या सैनिकांचीही गय झाली नाही. चर्चच्या मनोऱ्यात आसरा घेतलेल्यांना आग लावून जाळण्यात आले. हे कोणी शत्रूने लिहिलेले नाही. क्रॉमवेलने स्वतःच ते पार्लमेंटला कळवले आणि हा ईश्वरी न्याय आहे, असा निर्वाळा दिला.

वाद आहे तो नागरिकांविषयी. त्याच्या पत्राच्या छापील प्रतीत मृतांच्या यादीअखेर गावातील रहिवाशांचाही उल्लेख आहे. तो त्याचाच की मागाहून कोणी घातलेला, यावर विद्वानांचा काथ्याकूट चालतो. गंमत अशी, की निःशस्त्र रहिवाशांची सरसकट कत्तल झालीच नाही असा दावा १९९९ मध्ये ग्रंथरूपाने मांडणारे टॉम रायली हे ड्रोहेडाचेच. अनेक इतिहासकारांना तो मान्य नाही.

या आकड्यांच्या वादात खरी जखम मात्र झाकली जाते. ती जखम जमिनीची होती. पार्लमेंटने युद्धासाठी सावकारांकडून पैसा उचलला होता आणि सैनिकांचे पगार थकले होते. दोन्ही देणी आयरिश जमिनीतून फेडायची ठरली. १६५२च्या कायद्याने जप्तीचा मार्ग मोकळा झाला. विल्यम पेटी या हुशार गृहस्थाने सैनिकांच्या हाती साखळ्या देऊन मुलूख मोजला, नकाशे काढले. अनेक गरीब सैनिकांनी आपले हक्काचे कागद अधिकाऱ्यांना कवडीमोलाने विकले. १६४१ मध्ये सुमारे साठ टक्के जमीन कॅथलिकांकडे होती. पुढच्या पाव शतकात ती वीस टक्क्यांच्या आसपास आली. लढाई संपते, दुष्काळ आणि प्लेगही सरतात. पण मोजणी होऊन दुसऱ्याच्या नावावर चढलेली जमीन पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर राहते.

आपली सहानुभूती साहजिकच आयरिशांकडे जाते. टिळकांनी १९१६च्या एप्रिलमध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापली, तो शब्दच मुळी आयर्लंडहून आलेला. आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. या आपुलकीपोटीच मी १६४१ या सालाकडे कितीतरी वर्षे दुर्लक्ष केले, हे कबूल केले पाहिजे. त्या वर्षी अल्स्टर प्रांतात कॅथलिकांनी उठाव केला आणि हजारो प्रॉटेस्टंट वसाहतवाले मारले गेले किंवा थंडीत उघड्यावर मेले. पोर्टाडाउनच्या पुलावरून स्त्रियापुरुषांना नदीत लोटण्यात आले. लंडनच्या पत्रकांनी मृतांचे आकडे लाखांवर नेले, ही अतिशयोक्ती खरीच. पण भीती खरी होती. वाचलेल्यांच्या जबान्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपलेल्या आहेत आणि २०१० पासून त्या कोणालाही घरबसल्या वाचता येतात. क्रॉमवेलचा ‘ईश्वरी न्याय’ म्हणजे या घटनेचा सूड होता; आणि तो ज्यांच्यावर उगवला, त्या ड्रोहेडाच्या शिबंदीत इंग्रजही होते!

ड्रोहेडापासून नदीकाठाने थोडे वर गेले, की दुसरे रणांगण लागते. १६९० मध्ये प्रॉटेस्टंट राजा विल्यमने येथेच कॅथलिक जेम्सचा पराभव केला. त्या विजयाप्रीत्यर्थ उत्तर आयर्लंडमध्ये दर १२ जुलैला मिरवणुका निघतात. एका जमातीचा तो सण. दुसरीला त्यातील ढोल म्हणजे जखमेवरचे मीठ. १९९० नंतरच्या दशकात याच मिरवणुकांच्या वाटेवरून पोर्टाडाउनमध्ये दंगली झाल्या.

मात्र याच रणांगणावर एक वेगळी गोष्टही घडली. आयर्लंडचे पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी २००६ मध्ये कडवे प्रॉटेस्टंट नेते इयन पेस्ली यांना लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी बॉइनकाठच्या अक्रोडाच्या लाकडाचे भांडे भेट दिले. २००७ मध्ये पेस्लींनी त्यांना त्या काळातील बंदूक दिली आणि २००८ मध्ये दोघांनी मिळून रणांगणावरील केंद्राचे उद्‌घाटन केले. कोणीही आपली बाजू सोडली नाही. १६९० साली कोणाचे बरोबर होते, याचा निकालही लागला नाही. दुसऱ्याची आठवण ऐकून घेण्याची तयारी मात्र दाखवली गेली. १९९८च्या करारामागची समजूतही हीच होती.

तिची खरी कसोटी पुढेच आहे. २०२१च्या जनगणनेत उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक घरांत वाढलेल्यांचे प्रमाण ४५.७ टक्के भरले, प्रॉटेस्टंटांचे ४३.५. अल्पसंख्याकांवर बहुसंख्याकांचा वरचष्मा राहावा, म्हणून आखलेल्या या प्रांतात प्रथमच पारडे फिरले. बहुमत एकीकरणाच्या बाजूचे दिसू लागले, तर सार्वमत घेण्याची तरतूद करारातच आहे. उद्या आयर्लंड एक झाले, तर प्रॉटेस्टंट त्या बेटावर अल्पसंख्य ठरतील आणि त्यांना पोर्टाडाउनचा पूल आठवेल. ती भीती खोटी आहे असे सांगून भागणार नाही. तुमची घरे आणि तुमची जमीन या वेळी कोणी साखळी लावून मोजणार नाही, हा भरवसा त्यांना द्यावा लागेल. आणि तो देण्याची जबाबदारी ज्यांच्या पूर्वजांची जमीन मोजली गेली, त्यांच्यावरच येऊन पडणार आहे.