छायाचित्र स्पष्ट, उंची मात्र ढोबळ

माळीण (३० जुलै २०१४) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) येथील दरडींनी डोंगरउतारांवरील वस्त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आणला. असे उतार आता संगणकाच्या पडद्यावरही पाहता येतात. उंचीच्या आकड्यांतून डोंगराचा त्रिमित पृष्ठभाग उभा करायचा आणि त्यावर उपग्रहाने टिपलेले छायाचित्र चादरीसारखे पांघरायचे, असे हे तंत्र आहे. 'गुगल अर्थ'ने २००५मध्ये, तर 'इस्रो'च्या 'भुवन'ने २००९मध्ये ते सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविले.

मात्र, छायाचित्र आणि उंची या दोन थरांची अचूकता सारखी नसते. २००५मध्ये सोडलेल्या 'कार्टोसॅट-१'च्या छायाचित्रातील एक बिंदू अडीच मीटरचा. त्याच छायाचित्रांवरून तयार झालेल्या, सर्वांसाठी खुल्या असलेल्या उंचीच्या प्रारूपात मात्र नोंद दर तीस मीटरवर. म्हणजेच छायाचित्रातील १४४ बिंदू केवळ चार कोपऱ्यांच्या उंचीवर ताणून बसविले जातात. दहा मीटरचा उभा कडाही त्यात सौम्य उतारासारखा भासू शकतो. चित्र जितके देखणे, तितका त्यावर विश्वास अधिक. धोका नेमका येथेच आहे. धोक्याच्या वस्त्या निवडण्यास हे चित्र उपयुक्त ठरेल. पण एखादी वस्ती सुरक्षित ठरविताना प्रत्यक्ष पाहणीला पर्याय नाही.