काम दाखवा, मग कौशल्य शिकवा

कौशल्यशिक्षण सक्तीचे झाले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने सहावी ते आठवीसाठी वर्षाला ११० तास राखून ठेवायला सांगितले, वर्षअखेरीस कौशल्य मेळा भरवायला सांगितले. केंद्रानेही २०२६-२७ पासून तिसरीच्या मुलांना कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवण्याची घोषणा केली. गोव्यातही नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी चालू आहे आणि नववी-दहावीच्या मुलांना नोकरी-धंद्यासाठी तयार करण्याची भाषा प्रत्येक सरकारी समारंभात ऐकू येते. पण डिचोली आणि पेडणे तालुक्यांतल्या नार्वे, पिळगाव, मये, कोरगाव, हरमल इथल्या मुलांनी हे कौशल्य नेमके कुठे शिकायचे? कोणाच्या हाताखाली, कुठल्या यंत्रावर, कुठल्या कामावर? परिपत्रकांत तासांचा हिशेब आहे, गुणांचा आहे, मूल्यमापनाचा आहे. कामाच्या जागेबद्दल मात्र मोघम शब्दांपलीकडे काही हाती लागत नाही. काम नसलेल्या ठिकाणी कामाचे शिक्षण देता येत नाही, एवढी साधी गोष्ट शिक्षणखात्याला कोणीतरी ठणकावून सांगण्याची वेळ आली आहे.

हा घोळ आजचा नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड द्या म्हटले. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक काम सुचवले. त्यातून शाळांत काय आले ते आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या प्रत्येकाला आठवत असेल : खडू, मेणबत्त्या, कागदाची फुले आणि वर्षअखेरीस सगळ्यांना सरसकट श्रेणी. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला. नववीला पहिली पातळी, बारावीला चौथी, अशी शिडी उभी राहिली. रिटेल, पर्यटन, माहिती तंत्रज्ञान, वाहनदुरुस्ती, आरोग्यसेवा ही नावे दहावीच्या गुणपत्रिकेवर दिसू लागली. नावे बदलली, पुस्तके गुळगुळीत झाली, प्रमाणपत्रावर शिक्के वाढले. पण ‘रिटेल’ शिकणाऱ्या मुलाने दुकानाच्या गल्ल्यावर किती दिवस घालवले आणि वाहनदुरुस्ती शिकणाऱ्या मुलीने किती गाड्यांचे ब्रेक खोलून पुन्हा बसवले, हे आपल्याकडे कोणी विचारत नाही. हाच प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, आणि तोच टाळला जातो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेच एक आकडा समोर ठेवला आहे. १९ ते २४ वयोगटातल्या कामगारांपैकी रीतसर व्यवसायशिक्षण घेतलेले भारतात पाच टक्क्यांहूनही कमी, जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. हा आकडा आपले मंत्री आणि अधिकारी आवडीने सांगतात. जर्मनीत हे कशामुळे घडते ते सांगायचे मात्र राहून जाते. तिथला शिकाऊ मुलगा आठवड्यातले बहुतेक दिवस कारखान्यात किंवा कार्यशाळेत असतो आणि उरलेला एखाद-दुसरा दिवस व्यवसायशाळेत. काम पहिले, वर्ग त्याच्या आधाराला. आपण वर्ग उचलला आणि काम सोडून दिले.

आता डिचोलीकडे पाहा. नार्व्याच्या फेरीच्या धक्क्यावर उभे राहिले की मांडवीतून खनिज वाहणाऱ्या बार्जेसच्या रांगा दिसत, हे या भागातल्या तिशीतल्या माणसालाही आठवते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. पुढे काही काळ चालल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्याला पुन्हा सगळे थांबले. डिसेंबर २०२२ मध्ये डिचोलीच्या खाणपट्ट्याचा लिलाव झाला आणि २०२४ मध्ये तिथे काम सुरू झाले. या बारा वर्षांत ट्रक दारात उभे राहिले, कर्जाचे हप्ते थकले, बार्जेस भंगारात गेल्या. त्याच बारा वर्षांत आणखी एक नुकसान झाले आणि त्याची दखल कोणत्याही भरपाईच्या योजनेने घेतली नाही. डिचोली तालुक्यात वेल्डर होते, फिटर होते, डिझेल इंजिन कानाने ऐकून बिघाड सांगणारे मेकॅनिक होते, बार्जवरचे खलाशी आणि इंजिन ड्रायव्हर होते, अवजड यंत्रे चालवणारे ऑपरेटर होते. दोन पिढ्यांची ही कारागिरी होती. खाण थांबली तेव्हा या माणसांना जवळच्या हायस्कुलात शिकवायला बोलवायला हवे होते. व्यवसायशिक्षणासाठी याहून चांगले मास्तर सरकारला कुठे मिळणार होते? पण त्यांच्याकडे पदवी नाही, बी.एड. नाही, म्हणून शाळेचे दार त्यांना बंद. २०२० चे धोरण स्थानिक जाणकारांना ‘मास्टर इन्स्ट्रक्टर’ म्हणून नेमायला सांगते. धोरणाची पारायणे करणाऱ्यांनी ते पान उघडून वाचावे आणि या माणसांतले काही निवृत्त होऊन घरी बसले आहेत तोवरच त्यांना बोलवावे.

मयेचे सरकारी पॉलिटेक्निक नार्व्याच्या शेजारी आहे. डिचोलीत आयटीआय आहे, पेडण्यात आयटीआय आहे. तिथे लेथ आहेत, वेल्डिंगचे संच आहेत, शिकवणारे निदेशक आहेत. आठवड्यातून एक दिवस आजूबाजूच्या हायस्कुलांतली नववी-दहावीची मुले तिथे का जाऊ नयेत? कारण शाळा एका खात्याची आणि आयटीआय दुसऱ्या खात्याचा. दोन खात्यांच्या मध्ये एक बस लावता येत नाही म्हणून मुले वर्गात बसून हत्यारांची चित्रे पाहतात. याला आम्ही निष्काळजीपणा म्हणतो, त्याला दुसरे सौम्य नाव द्यायची आमची तयारी नाही.

पेडण्याची कथा तर अधिक चीड आणणारी आहे. मोपा विमानतळाची पायाभरणी नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली, उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये, आणि ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उतरू लागली. म्हणजे पायाभरणीपासून उद्घाटनापर्यंत सहा वर्षे मिळाली होती. २०१६ मध्ये आठवीत असलेली पेडण्याची मुलगी २०२२ मध्ये एकोणीस वर्षांची झाली. विमानतळाला काय काय लागणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते : सामान हाताळणारे, अग्निशमन दल, वातानुकूलन आणि विजेची देखभाल करणारे, मालवाहतुकीची कागदपत्रे हाताळणारे, स्वयंपाकघर चालवणारे, टॅक्सी आणि गोदामाचा धंदा करू शकणारे. तालुक्यातल्या प्रत्येक हायस्कुलात या कामांची तयारी त्याच वर्षी सुरू व्हायला हवी होती. जमिनी गेलेल्या कुटुंबांच्या मुलांचा तर त्यावर पहिला हक्क होता. हवाई क्षेत्राचे प्रशिक्षण केंद्र मोपावर आले ही चांगलीच गोष्ट, पण शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या तरुणाला शेवटच्या टप्प्यात काही महिन्यांचा कोर्स देणे आणि तेराव्या वर्षापासून त्याची तयारी करून घेणे यांत मोठे अंतर आहे. वरच्या जागांवर बाहेरचे आले आणि पेडणेकर हेल्पर राहिले, ही तक्रार तालुक्यात रोज ऐकू येते. ज्यांनी सहा वर्षे वाया घालवली त्यांना ती ऐकून घ्यावीच लागेल. आणि ही तक्रार मोर्जी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यावरही लागू आहे. हॉटेले उभी राहिली ती पेडण्याच्या जमिनीवर. त्यांतली किती किचन आणि किती फ्रंट ऑफिस पेडण्याची मुले चालवतात, हे एकदा कोणीतरी मोजून जाहीर करावे.

धंद्याच्या शिक्षणाबद्दलही तेच. उद्योजकता हा शब्द आता प्रत्येक भाषणात असतो. दिल्लीने २०२१ मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना माणशी दोन हजार रुपये बीजभांडवल देऊन खरा धंदा करायला लावला. त्यात दोष होते, सरकार बदलल्यावर तिथे दुसरी योजना आणि दुसरे नाव आले. पण मुलाच्या हातात खरे पैसे आणि खरा तोटा देण्याची कल्पना योग्य होती. हरमलच्या मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पेडण्यातल्या वाणिज्याच्या मुलाने त्या मिरचीचा हिशेब मांडलेला असावा : बियाण्याला किती, मजुरीला किती, वाळवताना वजन किती घटले, म्हापशाच्या बाजारात भाव काय मिळाला, दलालाने काय घेतले, पाकीट करून थेट विकली तर काय उरले. डिचोलीत कुंभारकामाची आणि पितळी समयांची परंपरा आहे. त्या कारागिराच्या वह्या कोण लिहितो, त्याला बँकेचे कर्ज का मिळत नाही, जीएसटी त्याला कधी लागू होतो? हे तीन महिने करून पाहिलेल्या मुलाला उद्योजकतेवर वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही. पर्यटनाचेही तसेच. नार्व्यात श्रीसप्तकोटेश्वराचे मंदिर आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला, आणि आपल्या काळात नूतनीकरणानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. राज्याबाहेरून माणसे येतात, दिवाडीहून फेरीने येतात. त्यांना कदंबांपासूनचा इतिहास नीट सांगणारी, चहा-जेवणाची सोय चालवणारी, चुना आणि जांभ्या दगडाचे जुने बांधकाम जपायला शिकलेली गावातलीच मुले असायला हवीत. पर्यटनाचा अभ्यासक्रम याहून जवळ कुठे सापडेल?

हे सारे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणू नये. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून ते एका दुष्काळी गावात आले. त्यांनी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय घडवला आणि महाराष्ट्राच्या मंडळाने तो आठवी ते दहावीसाठी मान्य केला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम : सुतारी, वेल्डिंग, वीज, शेती-पशुपालन, अन्न आणि आरोग्य. शिकवायला गावातलेच कारागीर. मुलांनी केलेले काम गावाला उपयोगी पडायचे आणि गाव त्याचे पैसे मोजायचे. २००२ मध्ये याच आश्रमात फॅब लॅब, म्हणजे डिजिटल यंत्रांवर वस्तू घडवण्याची कार्यशाळा, उभी राहिली, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. कोरडवाहू गावातल्या शाळेची मुले तिथपर्यंत पोचली, कारण त्यांची सुरुवात खऱ्या कामापासून झाली होती. गोव्यासारखे छोटे, पैसेवाले राज्य हे करू शकत नाही असे कोणी सांगत असेल तर त्याची करण्याची इच्छाच नाही, असे आम्ही समजतो.

काहींचा आक्षेप असेल की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना कामावर पाठवणे म्हणजे स्वस्त मजूर पुरवणे. काळजी रास्त आहे आणि उपायही कायद्यात आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा चौदा वर्षांपासून शिकाऊ म्हणून घ्यायला परवानगी देतो, धोक्याच्या कामांना अठराची अट आहे. तास ठरवा, देखरेख ठेवा, विमा काढा, विद्यावेतन द्या. भीतीपोटी मुलांना कामापासूनच दूर ठेवायचे आणि मग बाविसाव्या वर्षी त्यांना काहीच येत नाही म्हणून हिणवायचे, हे थांबले पाहिजे.

आणि वर्गातल्या उतरंडीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. गणित जमत नाही त्याला व्यवसायाचा विषय, हा समज शाळांत मुरला आहे. केंद्रीय मंडळात तर दहावीला गणित किंवा विज्ञानात नापास झालेल्याला कौशल्याचा सहावा विषय त्या जागी धरता येतो. मुलाचे वर्ष वाचते, ते ठीक. पण संदेश काय जातो? वीज, मोटार, रुग्णसेवा ही कामे मागे पडलेल्यांसाठी आहेत, हा. वर्गातल्या पहिल्या मुलीनेही इलेक्ट्रिशियनचे काम शिकले पाहिजे, तरच पालक त्याकडे आदराने पाहतील. शिकवणाऱ्याची स्थितीही हेच सांगते. गणिताचा शिक्षक कायम आणि व्यवसायाचा कंत्राटावर, तर मुलांना कोणता विषय महत्त्वाचा ते न सांगता कळते.

या उपेक्षेची किंमत आपण २०२४ च्या अखेरीस पाहिली. गोव्यात सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये घेतल्याची प्रकरणे एकामागून एक बाहेर आली, अटका झाल्या, सोने गहाण टाकलेली कुटुंबे पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढली. फसवणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण लोक इतके हतबल का झाले? कारण मुलाला कारकुनाची जागा मिळाली नाही तर दुसरा रस्ता शाळेने कधी दाखवलाच नव्हता. २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीत देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, गोव्याचा ८.५ टक्के. एकीकडे खाण, विमानतळ, हॉटेले, औषध कारखाने माणसे शोधतात आणि दुसरीकडे पदवीधर मुले सरकारी जाहिरातीची वाट पाहत घरात बसतात. या दोन्हींच्या मधला पूल माध्यमिक शाळेत बांधला जातो, नाहीतर बांधला जात नाही.

तेव्हा आमचे मागणे स्पष्ट आहे. डिचोली आणि पेडणे तालुक्यांतल्या प्रत्येक हायस्कुलासाठी एक यादी जाहीर करा : कोणती मुले, कोणत्या कार्यशाळेत, खाणीच्या कोणत्या यंत्रशाळेत, कोणत्या हॉटेलात, विमानतळाच्या कोणत्या विभागात, कोणत्या कारागिराकडे, आठवड्यातले किती तास काम करणार. खाणपट्टा आणि विमानतळ चालवणाऱ्या कंपन्यांशी होणाऱ्या प्रत्येक करारात स्थानिक शाळांतल्या शिकाऊंच्या जागा अट म्हणून लिहा. आयटीआय आणि पॉलिटेक्निकची दारे शाळांना उघडा, बस लावा. व्यवसायशिक्षकांची पदे कायम करा आणि कारागिरांना पदवीची अट शिथिल करून शिकवायला घ्या. गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग आता एप्रिलमध्येच भरतात. मुख्यमंत्र्यांनी त्याआधी ही यादी विधानसभेच्या पटलावर ठेवावी, आणि दोन्ही तालुक्यांच्या आमदारांनी ती मागून घ्यावी.