दात टिकले तर पथ्य टिकेल

आज 14 नोव्हेंबर, जागतिक मधुमेह दिन. 1921 मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लावणाऱ्यांपैकी एक, फ्रेडरिक बँटिंग, यांचा हा जन्मदिवस. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आजच्या शिबिरांत डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांची काळजी घ्यायला सांगितले जाईल, आणि ते योग्यच आहे. पण पथ्य ज्या तोंडाने पाळायचे, ते तोंड बहुधा कोणी उघडून पाहणार नाही.

रक्तातील साखर सतत चढी राहिली की लाळेतही ग्लुकोज वाढते, तोंड कोरडे पडते, हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येऊ लागते. हिरड्यांमधला जुनाट दाह उलट इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो. हिरड्यांवर नीट उपचार झाल्यास तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा आकडा, सरासरी सुमारे 0.4 टक्के-अंकांनी उतरतो, असे अभ्यासांत दिसले आहे. दातांची देखभाल हा मधुमेहाच्या उपचाराचाच भाग आहे, तो यामुळे.

आपले खाणे पाहू. चार वाजताचा चहा बिनसाखरेचा असतो, पण सोबत दोन मारी बिस्किटे किंवा खारी बुडवून खाल्ली जाते. ओला मैदा दाढांच्या खाचांत आणि गालाच्या कडेला चिकटून बसतो. पिष्टाची साखर तोंडातच होऊ लागते, जंतू तिचे आम्ल करतात आणि ते निवळायला लाळेला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात चिमूटभर चिवडा तोंडात पडतो आणि आम्ल पुन्हा वाढते. पाकिटावर ‘शुगर फ्री’ छापल्याने मैदा बदलत नाही. दातांच्या दृष्टीने किती खाल्ले याइतकेच किती वेळा खाल्ले हेही महत्त्वाचे असते.

म्हणून येता-जाता तोंडात टाकणे थांबवावे. इन्सुलिन किंवा गोळ्यांमुळे डॉक्टरांनी मधले खाणे सांगितले असेल, तर ते मात्र चुकवू नये. तेव्हा बिस्किटाऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे, पेरूच्या दोन फोडी, काकडी, बिनसाखरेचे ताक घ्यावे. चावून खाल्ल्याने लाळ सुटते, आणि लाळ हेच दातांचे पहिले संरक्षण. फळ खावे, त्याचा रस टाळावा. प्रत्येक खाण्यानंतर साध्या पाण्याची खळखळून चूळ भरावी. रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही घेऊ नये. साखर अचानक उतरली, तर दातांचा विचार न करता ताबडतोब ग्लुकोज किंवा साखर घ्यावी. चूळ बरे वाटल्यावर भरता येते.

सकाळी फिरून येताना बागेबाहेर आवळा, लिंबू, कारल्याचा रस घेणारेही पुष्कळ. त्यात साखर नसली तरी आवळ्या-लिंबाचे आम्ल असते. तो रस घोट-घोट रेंगाळत पिऊ नये, नंतर चूळ भरावी आणि अर्धा तास तरी ब्रश लावू नये. आम्लाने मऊ झालेला दातांचा थर घासला जातो.

हे सारे क्षुल्लक वाटेल, पण दाढा गेल्या की काय होते ते घराघरांत दिसते. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कोशिंबीर ताटातून एकेक करून जाते. उरतो गुरगुट्या भात, चहा-पोळी, पाण्यात भिजवलेला पाव. साखर आवरणारे पदार्थ चावता येत नाहीत आणि जे गिळता येतात ते साखर चढवतात. अशा माणसाला आहारतक्ता देऊन उपयोग काय?

यावरचा एक उपाय सरकारच्या हाताशीच आहे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील नागरिकांची रक्तदाब आणि मधुमेहाबरोबर तोंडाच्या कर्करोगासाठीही तपासणी होते. तोंड उघडायला सांगितलेच आहे, तर हिरड्या आणि दाढाही पाहाव्यात, आणि साखर वाढलेल्या प्रत्येकाला दंतवैद्याकडे पाठवावे. शहरांतल्या डॉक्टरांनीही मधुमेहीला दर भेटीत विचारावे, ‘भाकरी चावता येते ना?’ उत्तर नकारार्थी आले, तर औषधाचा डोस वाढवण्याआधी त्याच्या दातांची सोय व्हायला हवी.