'मुस्तफा' कोणाच्या संग्रहात?

१/ शिरूर किंवा दौंडमधल्या चाळिशी ओलांडलेल्या एखाद्या काकांना 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' ठाऊक आहे का, असे विचारून पाहा. बहुधा नकारच मिळेल. मग 'मुस्तफा' म्हणा, चेहरा उजळेल. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेल्या या खेळाचे मूळ नाव आपल्याकडे रुजलेच नाही. पिवळ्या टोपीतल्या मुस्तफा कैरो या पात्राचे नाव खेळाला मिळाले. हा धागा त्याच्या निमित्ताने.

२/ जुने आर्केड खेळ सध्या नव्या संचांतून परतत आहेत. 'स्ट्रीट फायटर'चे १२ खेळ २०१८ साली एकत्र आले. 'कॅपकॉम फायटिंग कलेक्शन'चे दोन भाग २०२२ आणि २०२५ साली निघाले. आपल्या पार्लरांत गाजलेला 'किंग ऑफ फायटर्स ९७' हाही २०१८ मध्ये नव्या रूपात आला. हे सारे स्वागतार्हच आहे.

३/ पण मुस्तफा आलेला नाही. काटेकोरपणे पाहता तो समोरासमोरच्या द्वंद्वाचा खेळ नव्हे. त्यात टोळ्यांशी लढत पुढे सरकायचे असते. कॅपकॉमने अशाच ७ खेळांचा संच २०१८ साली काढला, त्यातही तो नव्हता. त्याची कथा मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवरून घेतलेली, आणि शीर्षकातले 'कॅडिलॅक' हे जनरल मोटर्सच्या गाडीचे नाव. परवानग्यांचा हा गुंता आड येतो, असे मानले जाते.

४/ असे गुंते सुटतच नाहीत, असे मात्र नाही. मार्व्हलच्या पात्रांचे ७ जुने खेळ २०२४ साली एका संचात आले. त्यांत १९९३ चाच 'पनिशर' होता, तोही टोळ्यांशी लढण्याचाच खेळ. म्हणजे काय परतणार, हे खेळाच्या ऐतिहासिक महत्त्वावर नव्हे, तर हक्क आणि बाजार यांच्या हिशेबावर ठरते.

५/ म्हणून माझे मत असे की, पुनर्प्रकाशन ही निवड आहे; तिला जतन म्हणणे ही गफलत आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, तिथे २०१० पूर्वी प्रकाशित झालेले ८७ टक्के खेळ आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत.

६/ कोणी म्हणेल, एम्युलेटरवर तर सगळेच मिळते. मिळते, पण तिथे मिळतो तो केवळ खेळ. पाळी धरून ठेवण्यासाठी यंत्रावर ठेवलेले नाणे, मागे उभ्या बघ्यांचे फुकटचे सल्ले, शाळा बुडवल्याबद्दलचा मार, हे कोणत्याही संचात येणार नाही. पार्लरांतली कितीतरी यंत्रे अनधिकृत नकलांवर चालत. त्यांची नोंद कंपनीच्या दप्तरात असणार तरी कशी? आणि त्या गर्दीत मुली जवळजवळ नसत, हेही त्या इतिहासाचेच अंग आहे. केवळ गोड आठवणींत ते हरवून जाते.

७/ वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून घराघरांतली दप्तरे मिळवली, १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभारले. साधने आधी माणसांच्या घरी असतात, संग्रहालयात नंतर येतात, हा त्यांच्या कार्याचा धडा आहे. तो १९९० च्या दशकालाही लागू पडतो.

८/ तेव्हा नव्या संचाची वाट पाहत असतानाच घरातल्या मोठ्यांपाशी बसा. पार्लर कुठे होते, एका डावाला किती पैसे पडत, यंत्र बिघडले तर दुरुस्त कोण करी, आणि आत जायला मनाई कोणाला होती, हे विचारा. उत्तरे ध्वनिमुद्रित करा. तारीख, गाव आणि सांगणाऱ्याची संमती नोंदवा. कॅपकॉमला मुस्तफा आज ना उद्या परत आणता येईल. शिरूर-दौंडच्या पार्लरांची आठवण मात्र जपली तर आपणच जपू.