कायमचे शिकाऊ

रस्ते रुंद झाले, बोगदे खोदले, कॅमेरे बसले. चालकाला शिकवण्याची जबाबदारी मात्र अजून कुणाच्याच अंगावर नाही.

उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की सातारा-सांगलीच्या रस्त्यांचा नूर पालटतो. उंब्रज, कराड, पेठ नाका या महामार्गाच्या पट्ट्यात आणि विटा, कडेगाव, तासगावच्या आडवाटांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर ऊस ओढत असतात. ट्रॉलीला बहुधा स्वतंत्र ब्रेक नसतो. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर तो चिखलाने माखलेला. गाण्याचा आवाज असा की मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येण्याची सोयच नाही. टायर फुटला तर ट्रॉली रस्त्यातच उभी राहते आणि तिच्या मागे-पुढे चार दगड मांडले जातात. चाक बदलले की ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात. पुढच्या दुचाकीस्वाराला ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मग बातमीला 'काळाचा घाला' असा मथळा मिळतो आणि बिचारा काळ नाहक बदनाम होतो.

त्या ट्रॅक्टरवर बसलेल्या पोराला खलनायक ठरवणे सोपे आहे. पण तो ट्रॅक्टर शिकला कुठे? शेतात, नांगरटीच्या वेळी, चुलत्याच्या शेजारी मडगार्डवर बसून. नांगरट आणि महामार्ग यांतला फरक त्याला कुणी सांगितलेला नाही. ताशी ऐंशीच्या वेगाने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे बावीस मीटर अंतर तोडते, समोरचा धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद संपलेला असतो आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते, हे गणित त्याच्यापर्यंत पोहोचलेले नाही. ते मोटार चालवणाऱ्यालाही ठाऊक नसते, ही त्याहून मोठी अडचण.

कारण शिकवण्याची आपली व्यवस्था कागदावरच तगडी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ड्रायव्हिंग स्कूलने हलके खासगी वाहन किमान २१ दिवस शिकवायचे आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास भरायचे. आपल्या गावातल्या कोणत्याही स्कूलच्या गाडीत डोकावून पाहा. एका फेरीत तिघे-चौघे, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन किलोमीटर आणि शिकवणाऱ्याचे पाय जोड-ब्रेकवर. परीक्षेच्या दिवशी दुचाकीवाल्याने मैदानात पाय न टेकता आठचा आकडा काढला की काम फत्ते. घाट नाही, पाऊस नाही, रात्र नाही, समोरून येणारा प्रखर दिवा नाही. शिकाऊ परवाना हाती पडल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. ती पार पडली की पुन्हा शिकण्याचा प्रसंग आयुष्यात येत नाही.

हा परवाना आता पूर्वीपेक्षा जड झाला आहे. साडेसात टनांपेक्षा कमी वजनाचे मालवाहू वाहनही हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. द्राक्षे घेऊन पहाटेच्या बाजाराला धावणाऱ्या पिकअपपासून टेम्पोपर्यंत बरेच काही त्यात येते. निकालामुळे हजारो चालकांची रोजीरोटी वाचली, हे चांगलेच झाले. पण मग त्या दहा तासांच्या शिकवणीला किती महत्त्व आले, याचा विचार परिवहन खात्याने करायला नको का?

खंबाटकीचा घाट या प्रश्नाचे उत्तर वर्षानुवर्षे देतो आहे. साताऱ्याकडून पुण्याकडे जाताना बोगदा संपल्यावर उतारावर येणारे 'एस' वळण कुप्रसिद्ध आहे. १० एप्रिल २०१८ च्या पहाटे कर्नाटकातील मजुरांना घेऊन निघालेला टेम्पो तिथेच उलटला आणि सतरा-अठरा जण प्राणास मुकले. वळण चुकीचे, हे खरेच. म्हणून तर नव्या जुळ्या बोगद्यांचे काम हाती घ्यावे लागले. पण उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करण्याची खोड कोणता बोगदा घालवणार? इंजिनाचा रोध सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक दगा देतो. यातली बचतही खोटी. नव्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र ते जळतच राहते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे एसटीचे जुने चालक नवख्याला पहिल्याच दिवशी सांगतात. पसरणी आणि कुंभार्लीत वर्षानुवर्षे विनाअपघात गाडी हाकणारे हे चालक आपल्याच डेपोंत आहेत. त्यांना बोलावून त्यांच्याकडून शिकण्याचे मात्र कुणाला सुचत नाही.

आता आक्षेपाचा विचार करू. प्रशिक्षणाने अपघात टळतातच असे नाही, असे अभ्यासक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील डिकॅल्ब परगण्यात १९७० च्या दशकाअखेरीस हजारो शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग झाला. उत्तम शिकवूनही अपघात अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत, कारण शिकलेली मुले लवकर परवाना घेऊन लवकर रस्त्यावर आली. यातून धडा घ्यायचा तो असा, की नुसते हात बसवल्याने फाजील आत्मविश्वास वाढतो. धोका आधी ओळखणे आणि अनुभवी माणूस शेजारी असताना अवघड प्रसंगांतून जाणे, हेच खरे शिक्षण. जर्मनीत परवान्यापूर्वी शिक्षकासोबत १२ विशेष सत्रे सक्तीची असतात; पाच गावाबाहेरच्या रस्त्यावर, चार महामार्गावर आणि तीन अंधारात. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यातील ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या नोंदीत कारण अतिवेगाचे. महाराष्ट्राचा वाटा पंधरा हजारांहून अधिक. आणि आपण अजून दिवसाउजेडी मैदानात आठ काढतो आहोत.

मार्ग नाहीत असे नाही. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम १ जुलै २०२१ पासून लागू आहेत. त्यांत हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत २९ तास आणि जड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम, सिम्युलेटर आणि चाचणीचा ट्रॅक बंधनकारक आहे. तिथे उत्तीर्ण होणाऱ्याला आरटीओची परीक्षा माफ होते. म्हणून या केंद्रांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागेल, नाहीतर जुनाच धंदा नव्या पाटीखाली सुरू होईल. सहकाराचा टेंभा मिरवणाऱ्या या दोन जिल्ह्यांत साखर कारखान्यांनी एकत्र येऊन असे केंद्र उभारणे अशक्य नाही.

तोवर कारखान्यांच्या हातात एक साधे हत्यार आहेच, ते म्हणजे तोडणी-वाहतुकीचा करार. उचल देताना वाहनमालकाची सात पिढ्यांची कागदपत्रे तपासली जातात. त्याच करारात चालकाचे नाव, परवाना आणि हंगामापूर्वीचे दोन दिवसांचे प्रशिक्षण घाला. त्यातला एक वर्ग रात्रीचा आणि रस्त्यावरचा हवा. ज्याच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही, त्याला गाडीतळावर नंबर देऊ नका. एक खेप परत गेली की जे पाच वर्षांच्या दंडाने होत नाही ते एका रात्रीत होईल. दोन्ही जिल्ह्यांचे राजकारण ज्या संचालक मंडळांतून चालते, त्यांना हे सांगण्याची हिंमत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता सुरक्षा समितीने दाखवावी.

पालकांनाही सुटका नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून मोटार वाहन कायद्याखालचा गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने केली. तरी दहावीच्या निकालाला बक्षीस म्हणून गाडी देणारे घराघरांत आहेत. क्लासच्या फीसाठी लाखभर मोजणारा बाप मुलाला गाडी शिकवण्यासाठी चार रविवार काढत नाही.

जानेवारीत रस्ता सुरक्षेचे अभियान येईल, फलक लागतील, विनाहेल्मेटवाल्यांना गुलाबाची फुले दिली जातील. फुलांचा खर्च वाचवून त्या महिन्यात प्रत्येक कारखान्याच्या गाडीतळावर एक वर्ग घ्यावा. ऐकणारे तिथेच, नंबर लागण्याची वाट पाहत तासन् तास बसलेले असतात.