मदतीलाही पासपोर्ट लागतो

भूकंपाला सीमा नसते. मदतीला मात्र पासपोर्ट लागतो. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तान हादरलं आणि आपलं मदतीचं ‘ऑपरेशन दोस्त’ सुरू झालं. एनडीआरएफच्या शंभरावर जवानांचे पासपोर्ट रातोरात तयार झाले, हवाई दलाची सी-१७ विमानं उडाली, लष्करानं इस्केंदेरुनला तीस खाटांचं इस्पितळ थाटलं. तिकडे नूरदागीत एनडीआरएफची ज्यूली ही कुत्री एका ढिगाऱ्यापाशी थबकून भुंकली. खात्रीसाठी रोमिओ या दुसऱ्या कुत्र्याला सोडलं, तोही तिथंच भुंकला. जवानांनी ढिगारा उपसला, तर सहा वर्षांची मुलगी जिवंत निघाली. सरकारी कागदांना आपण एरवी मनसोक्त नावं ठेवतो. पण त्या रात्री शिक्के वेळेवर पडले नसते, तर ज्यूली इथंच भुंकत बसली असती.